बारा हात दोर

बाबा, गावच्या मंडळाने तुमचा दोर मागितला, म्हणून हे लिहिणं आलं. एरवी गेलेल्या माणसाला पत्र लिहिण्याइतका वेळ माझ्याकडे नाही, आणि असला तरी मी तो सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर खर्च करते.

रविवारी सकाळी दोघे जण न कळवता मुलुंडला आले. एक मंडळाचा सेक्रेटरी, बँकेत असतो, बोलताना डोळे मोबाइलवर. दुसरे आपल्या भावकीतले काका, ऐंशी ओलांडली तरी अध्यक्ष, कारण राजीनामा मागायची कुणाची छाती नाही. त्यांच्याकडून कळलं ते असं. तुम्ही गेल्यावर दहा वर्षं पालखी दांड्याला बांधलेली तुमची गाठ कुणी सोडलीच नाही. शिमगा झाला की पालखी दांड्यासकट देवळात टांगायची, पुढच्या वर्षी तशीच उतरवायची. गेल्या वर्षी दांड्याला वाळवी लागली, नवा दांडा आला आणि तुमचा दोर कोयत्याने कापावा लागला. मग या हुशारांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून गाठ मारली. पालखी नाचवताना ती दांड्यावरून हातभर सरकली आणि देव थेट सरपंचाच्या खांद्यावर जाऊन टेकले. सरपंचाने तो कौल समजून पुन्हा निवडणुकीचा अर्ज भरला. "तुझ्या बापाशीन गाठ मारल्यान, पण कोणाक शिकवल्यान नाय गो बाये," काका म्हणाले. सेक्रेटरी म्हणाला, "ताई, तुम्ही फक्त त्यांचा दुसरा दोर द्या ना, बाकी आम्ही बघतो." मी म्हटलं, "काय बघता ते सरपंचाने बघितलंय."

कोणाक शिकवल्यान नाय, हे खोटं होतं. जोगेश्वरीची आपली खोली मला आजही दिसते. तुम्ही नौदलातून निवृत्त होऊन आला आहात. पंधरा वर्षं बोटीवर तुम्ही दोरखंडच सांभाळलेत, पण गावाची समजूत की बोट तुम्ही एकटे हाकत होता, आणि तुम्ही ती कधी मोडली नाहीत. स्वयंपाकघराला तुम्ही गॅली म्हणता, फरशीला डेक. आई म्हणते, "डेक पुसून झाला असेल तर कप्तानांनी जरा नारळ खवावा." मी तांदळाच्या डब्याला दोर आवळते आहे, तुम्ही नारळ खवता खवता नजर ठेवून आहात. त्याच आठवड्यात मी गॅलरीत बांधलेली वाळत घालायची दोरी सुटली आणि शेजारच्या काकूंची तीन नऊवारी पातळं गटारात गेली. तुम्ही काकूंची माफी मागितलीत, पातळं स्वतः धुतलीत आणि मला म्हणालात, "सुटते ती गाठ नव्हे, गुंता." मग चाळीस वेळा गाठ मारेपर्यंत ताट वाढू दिलं नाहीत. पुढे मी बी.एस्सी. झाले. मैत्रिणींना बापाकडून घड्याळं मिळाली. मला मिळाला बारा हात दोर आणि दोराचे पीळ उकलायचा लोखंडी टोच्या. मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुमच्या ते लक्षात आलं नाही.

दर शिमग्याला गाव तुमच्यासाठी खोळंबायचं. एसटी उशिरा आली तर पालखी उशिरा उठायची. "नेव्ही इलो काय?" अशी हाक गावावरच्या सड्यापर्यंत जायची. कॉलेजात असताना मी तुम्हाला एकदा चांगलं झापलं होतं. सगळ्यांना शिकवा की, विद्या दडवून ठेवणं हा स्वार्थ आहे, वगैरे. बरीच वाक्यं होती. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बोटीवर माझे तीन शिमगे चुकले. चौथ्याला गेलो तर देवळाच्या पायरीवर एकाने विचारलं, कोणाचो रे तू?" मला ते उत्तर वाटलं नाही. मी पुस्तक उघडून बसले.

काकांनी पिशवीतून मंडळातल्या घरांची नवी यादी काढली, दोराच्या बदल्यात आभार म्हणून. तीत आपलं घर नव्हतं. सेक्रेटरी म्हणाला, "घर बंद आहे ना ताई, आणि वारस..." मी म्हटलं, "मग मी कोण, भाडेकरू?" काका म्हणाले, "चेडवाचा नाव घालूची रीत नाय." म्हणजे मुलीचं. पालखीही आता आपल्या खळ्यात, दारापुढे, थांबत नाही, पुढे जाते, हेही त्याच दमात कळलं. त्यांना दाखवायला काढलेला दोर मी पुन्हा ट्रंकेत ठेवला. काकांनी चहा संपवला, घसा साफ केला आणि म्हणाले, "यंदा पालखी तुमच्या खळ्यात थांबवतंव. म्होरचा म्होरं."

तेव्हा मी दोर काढला. बायकांनी पालखीला हात लावण्यावर काकांनी काही बोलायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "पालखीला लावत नाही. दोराला लावते. दोर माझा आहे." दोन खुर्च्यांवर बांबू टाकला, खाली स्टूल टांगलं. वजन हवं म्हणून तांदळाचं पोतं शोधत होते, तर काका स्वतःच स्टुलावर चढले. मी बांधलं. सेक्रेटरी आणि खालून बोलावलेला सोसायटीचा वॉचमन दोघांनी बांबू खांद्यावर घेतला, हलवला, नाचवला. स्टूल तसूभर सरकलं नाही. काकांना अंगात आल्यासारखं झालं, त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं, वॉचमन उत्तर प्रदेशातला असूनही योग्य जागी "व्हय महाराजा" म्हणू लागला. तेवढ्यात समोरच्या बाई टाकीची तक्रार घेऊन आल्या आणि काकांना नमस्कार करून आल्या पावली परत गेल्या.

मग सेक्रेटरीला शिकवलं. चाळीस वेळा. त्याची गाठ दर वेळी बसायची आणि दर वेळी काका हळूहळू जमिनीला टेकायचे. "ताई, काहीतरी राहतंय का हो?" मी म्हटलं, "तुमच्या बोटांना सवय नाही. यंदा मी येईन बांधायला." काका माझ्या हाताकडे बघत होते. दारात चपला घालताना एवढंच म्हणाले, "बापाशीचाच चेडू गो तू."

हा कागद कुठे धाडायचा नाही. दोर होता त्या जागी, ट्रंकेत राहील.

मंडळाच्या स्वाधीन केलं ते असं: दोर एक, बारा हात, जुना पण धड. टोच्या एक, लोखंडी. कागदावर काढलेली आकृती एक, सहा वेढ्यांची.

वेढे सात आहेत, बाबा.