छातीवरचा डावा हात

दुक्म (ओमान), १२ जानेवारी २०२५

ती. ताईस,
देवानंदचा सप्रेम जय भीम.

बाबांचा नियम पाळून हातानं लिहितोय आणि कागदाचा फोटो पाठवतोय. फोनवर माणूस खोटं हसतो, अक्षर खोटं बोलत नाही, असं ते म्हणायचे. ते जाऊन दोन वर्षं झाली, तरी ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना धाक त्यांचाच.

बातमी अशी, की आमच्या कॅम्पात रोमेल नावाचा फिलिपिनो फोरमन आहे, पंचावन्नचा. रिफायनरीतून सुटलं की तो कंटेनरमागे वेताच्या काठ्यांचा खेळ शिकवतो. त्यांच्याकडे त्याला अर्निस म्हणतात. पाहिलं तेव्हा बाबा समता सैनिक दलाच्या पोरांना लाठी शिकवायचे तेच आठवलं. दहा महिने झाले, मी शिकतोय. आता फेब्रुवारीअखेर मस्कतला एमएमएच्या लढती आहेत, त्यात मी नाव दिलंय. ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं, फक्त काठी नाही. मग काठीची विद्या काय कामाची, असं माझा रूममेट मजीद चिडवतो. रोमेलचं म्हणणं, पायांची चाल आणि कोपर कामाचं. ठोसा आला की त्याच्या वाटेत आपलं कोपर ठेवायचं, मूठ त्याचीच फुटते.

एक गंमत. काल एक उंट कॅम्पच्या गेटातून आत शिरला आणि नव्या गार्डनं त्याच्याकडे पास मागितला.

माझ्या भाचीला, प्रणालीला, गोड पापा. माया आहे तशीच ठेव.
तुझा देवा

संगमेश्वर, १९ जानेवारी

चि. देवास,
जय भीम आणि आशीर्वाद.

उंटाचं वाचून प्रणाली लोळून हसली. चौतिसाव्या वर्षी लोक मुलगी पाहायला जातात, तू मार खायला निघालास.

सरावाचा फोटो नीट पाहिला. उजवा हात पुढे, डावा छातीवर, आणि गाल सताड उघडा. बाबांचा पहिला धडा विसरलास का? आधी डोकं, मग काठी. हातात काठी असली की माणूस लांब राहतो. काठी नसेल तर तो जवळ येणारच, एवढं मला शाळामास्तरणीला कळतं. हेल्मेट घालतोस ना, ते कळव.

मला भीती वाटते, हे लपवत नाही.
लोभ आहेच, तो वाढव.
तुझी ताई

दुक्म, ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सप्रेम जय भीम.

रोमेल अगदी तुझ्यासारखंच बोलला. डावा हात छातीवर असतो तो समोरच्याची काठी पकडायला. काठी नसेल तर तो गालापाशी हवा. पण सवय जात नाही गं. परवा सरावात मजीदच्या ठोशांनी दोनदा खाली बसवलं. उठलो, चहा प्यायलो, काही नाही. हेल्मेटनं खाज येते म्हणून काढून ठेवलंय. उन्हाचा जरा त्रास होतो, काळा चष्मा लावतो. पण कोपर जमलंय हं!

एक गंमत सांगायची राहिलीच. काल एक उंट कॅम्पच्या गेटातून आत शिरला आणि नव्या गार्डनं त्याच्याकडे पास मागितला.

प्रणालीला पापा. माया ठेव.
तुझा देवा

संगमेश्वर, ११ फेब्रुवारी

चि. देवास,
जय भीम.

दोन्ही पत्रं शेजारी ठेवून बसले आहे. उंट दोनदा आला, आणि दोन्ही वेळा कालच आला. तुझ्या ओळी बाबांच्या धाकानं सरळ जायच्या, त्या आता खाली उतरत चालल्या आहेत.

मी मजीदला फोन केला. तो बिचारा रडवेला झाला. रोमेलनं तुझ्या काठ्या काढून घेतल्या आणि नाव मागे घ्यायला सांगितलं, पण पोस्टर छापून झालंय म्हणून तू हटून बसलास, असं तो म्हणाला.

देवा, बाबांना अग्नी दिल्यावर तूच म्हणाला होतास, की आता थोरलं माणूस तूच. त्या थोरपणानं सांगते, नाव काढ, डोक्याच्या डॉक्टरला दाखव आणि घरी ये. प्रणालीनं तुझी खोली झाडून ठेवली आहे.

वाट पाहते.
ताई

मस्कत, २ मार्च

ती. ताईस,
सप्रेम जय भीम.

जिंकलो! दुसऱ्या फेरीत त्याची उजवी मूठ माझ्या कोपरावर फुटली आणि त्याला हातच उचलता येईना. रोमेलची विद्या कामाची आहे, हे सगळ्या हॉलनं पाहिलं. त्याआधी गालावर बरेच बसले, पण उभा राहिलो. लढतीआधीच्या डॉक्टरी तपासणीत डोकेदुखीचं काही बोललो नाही. रोमेल मात्र जिंकल्यावरही हसला नाही, डोळ्यांपुढे बोटं धरून किती आहेत विचारत राहिला. म्हातारा झालाय.

काल कॅम्पात एक उंट आला होता, ती गंमत पुढच्या पत्रात सांगतो.

बाबांना वेगळं पत्र लिहीत नाही. डोकं झाकलं नाही म्हणून ते रागावले असतील. संध्याकाळी लाठीच्या वर्गावरून आले की तूच हळूच सांग, की त्यांचा पोरगा जिंकला. अक्षर आज जरा वाकडं आलंय, हे पत्र त्यांना दाखवू नकोस.

माया ठेव.
तुझा देवा