दाजींच्या कुलपाआडचं पाणी

रविवार, दुपार

आमच्या गावचे जावई आणि माझे एकुलते एक दाजी श्री. रा. रा. ज्ञानेश्वर नाना, मुक्काम जळगाव, यांना धाकटा मेव्हणा आधार याचा दोन्ही हात जोडून आणि थोडं वाकून नमस्कार. (पूर्णच वाकलो असतो, पण कालपासून कंबर धरली आहे. कारण पुढे येईल.)

तुमची तब्येत बरी असेलच. सुनंदाअक्काचे गुडघे काय म्हणतात? भरताची वांगी एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवली होती, ती पोचली असतील. अक्काला सांगा, काडीवर भाजायला कपाशीच्या पळाट्याही पाठवणार होतो, पण कंडक्टर नाही म्हणाला. इकडे सगळं क्षेम. थंडी मऊ पडली आहे. सकाळी धुकं उठतं तेव्हा फुटलेला कापूस कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नाही. मी बाजेवर पडून ते बघतो आणि बघता बघता डोळा लागतो. निवृत्त झाल्यापासून माझं एवढं एक काम अगदी नियमित चालू आहे.

हे फोनवरही सांगता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. पण दाजी, खरं सांगतो, तिकडून तुमचं ते भारदस्त "हॅलो" आलं की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून तर मी तुम्हाला इतकी वर्षं रोज सकाळी गुलाबाच्या फुलांचे मेसेज पाठवतो. पत्राचं बरं असतं, समोरचा मध्येच हॅलो म्हणत नाही.

तर बातमी आमच्या हातभार मंडळाची. मंडळ तुम्हाला ठाऊक आहे. रुपचंद आबा अध्यक्ष, मी चिटणीस, बाकीचे टाळ्यांना. गावात कोणाचं काही अडलं की आम्ही काहीतरी वाटतो. थंडी पडली की चादरी, शाळा उघडली की वह्या. खालच्या गल्लीतल्या भागाबाईची कोकिळा धुळ्याला नर्सिंगला लागली, तर तिला आम्ही आधी दप्तर दिलं, मग छत्री, मग एकदा शाल-नारळ देऊन सत्कार, आणि दिवाळीत परत छत्री. (पहिली कोणी दिली होती ते आमच्या लक्षात राहिलं नाही.) इतकं देऊनही पोरीचे कॉलेजात खाडे होतच होते. आणखी दोन झाले तर परीक्षेला बसू देणार नाहीत, असं कॉलेजनं लिहून कळवलं. वर्ष वाया! आणि वर्ष वाया गेलं की भागाबाई तिला पुढं शिकवणार नाही, लग्न लावून मोकळी होईल. आबा म्हणाले, पोरीला तिसरी छत्री द्यावी काय?

तेवढ्यात जळगावला एक शिबिर झालं. तिथं एका बाईंनी सांगितलं, की नुसतं वाटत बसू नका, अडचणीच्या मुळाशी जा. माणसाला "का" विचारा. उत्तर आलं की त्यावर परत "का". समोरचा गप्प झाला की समजा, मूळ तिथं आहे. आबांना हे इतकं पटलं, की परतीच्या गाडीत त्यांनी ड्रायव्हरलाच चार "का" विचारले. पाचव्याला त्यानं गाडी बाजूला घेतली.

गावात आल्यावर हे काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. भागाबाई अंगण झाडत होती, तिला गाठलं. कोकिळा कॉलेजला का जात नाही? म्हणे, पाण्याच्या दिवशी घरी राहते. का? तर पाचव्या दिवशी नळ येतो आणि तो चुकला की पाच दिवस कोरडे. का, तू नाही का भरत? तेव्हा ती जी कडाडली, "आधारभाऊ, पानी कवय येई हाई देवलेबी माहीत नई, मंग मी कापूस येचाले जाऊ का हंडा धरीसन बसू?" मी शिबिराच्या नियमाप्रमाणे परत "का" म्हणालो. तिनं केरसुणी उलटी धरली. ही गप्प होण्याची खूण आहे की नाही ते शिबिरात सांगितलं नव्हतं, म्हणून मी निघून आलो.

पण दाजी, प्रश्न खरा होता. खालच्या गल्लीचं पाणी कधी पहाटे, कधी भर दुपारी, कधी दिवेलागणीला. का? ते पाणी सोडणारा पुना सांगेल. तो म्हणाला, शिडी मिळेल तेव्हा. गावात लांब शिडी एकच, मोतीलाल मांडववाल्याची. तुळशीचं लग्न लागलं की त्याच्या मांडवांना ऊत येतो, मग शिडी सुटेल तेव्हा पाणी सुटतं. अहो, आमच्या एका गल्लीची तहान पंचांगातल्या मुहूर्तांवर चालते! पाणी सोडायला शिडी का लागते, हे मात्र पुना सांगेना. वर आभाळाकडे बघत बसला. शेवटी म्हणाला, शनिवारी पाणी आहे, चला, दाखवतो.

शनिवारी मोतीलालकडून शिडी सुटायला दहा वाजले. ती खांद्यावर घेऊन पुना जिथं थांबला ती जागा बघून मला घाम फुटला. ती तुमची भिंत होती, दाजी.

म्हणजे अक्काच्या वाट्याची ती मोकळी जागा हो. अकरा वर्षांपूर्वी कोणी अतिक्रमण करू नये म्हणून तुम्ही तिला दीड पुरुष उंच भिंत घातली, लोखंडी फाटक बसवलं, नारळाएवढं कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन जळगावला गेलात. चांगलं केलंत. भिंत भक्कम आहे, त्याबद्दल दुमत नाही. खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह त्या आधीपासून तिथं जमिनीत आहे, एवढंच तुम्हाला कोणी बोललं नाही. बांधकामावर देखरेख माझी होती. (बाजेवरून.) गवंड्यानं मला व्हॉल्व्हचं विचारलंही होतं म्हणे. मी "हूं" म्हणालो असेन. झोपेत मी हूंच म्हणतो.

पुना म्हणाला, शिडीवरून भिंतीवर बसायचं, शिडी वर ओढून आत लावायची. सोपं आहे. तो सरसर चढून सीताफळाच्या फांदीला लोंबकळत आत उतरलाही, पण शिडी तिथंच माझ्यासाठी ठेवली. मी भिंतीच्या डोक्यावर पोचलो आणि खाली बघितलं. दाजी, ते बघायला नको होतं. शिडी ओढायची तर भिंतीवरचे हातच सुटेनात. मीही तीच फांदी धरली. फांदी माझं मन राखून क्षणभर थांबली, मग आम्ही दोघं बरोबरच आत आलो. कंबरेचं कारण ते. मी कण्हतोय, पुना माझी पाठ चोळतोय, तोवर बाहेर मोतीलालला आपली शिडी भिंतीला रिकामी उभी दिसली. त्याचा हळदीचा मांडव खोळंबला होता. तो शिडी घेऊन गेला. आम्ही हाका मारल्या, पण वाजंत्री सुरू झाली होती.

पुनानं शांतपणे पाला बाजूला केला, व्हॉल्व्ह फिरवला, आणि बूड टेकून म्हणाला, "आते बस, भो. बठ्ठा दिन आपला शे."

आणि खरंच, सगळा दिवस आमचाच होता. दाजी, तुमच्या भिंतीच्या आत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. अकरा वर्षं तिथं कोणी पाऊल ठेवलेलं नाही, एक पुना सोडून. गुडघाभर गवत, त्यात पिवळी फुलपाखरं, सीताफळं झाडावरच फुटून पक्ष्यांच्या वाट्याला गेलेली. ऊन गवतावर पडून राहिलं होतं, त्याला कुठं जायची घाई दिसत नव्हती. बाहेरची वाजंत्री लांब लांब गेली. मी आडवा झालो, तर कानाखाली जमिनीत पाणी वाहताना ऐकू येत होतं. तो आवाज ऐकत मला डोळा लागला आणि स्वप्न पडलं. सकाळचे सहा वाजलेत, खालच्या गल्लीतले सगळे नळ एकदम वाहताहेत, हंडे भरून उंबऱ्यावर ठेवलेत. सातची धुळ्याची गाडी गल्लीतच येऊन उभी आहे. कंडक्टर तुम्ही. कोट-टोपी घालून दारात उभे राहून विचारताय, सगळ्यांचं पाणी भरलं का? मग बसा. आणि स्वतः घंटी ओढताय. इतकं प्रेमळ मी तुम्हाला जागेपणी कधी बघितलं नाही. (वाईट अर्थानं नाही.)

फाटकावर हंडा वाजला म्हणून जागा झालो. फटीतून बघतो तो कोकिळा. अंगात कॉलेजचा पांढरा गणवेश, पदरासारखी ओढणी खोचलेली, कडेवर हंडा. पाणी सातच्या आत आलं तर गाडी गाठता येईल म्हणून पाण्याच्या दिवशीही ती पहाटे गणवेश घालूनच बसते, हे मला तेव्हा कळलं. गणवेश गुडघ्यापर्यंत भिजला होता. मी सवयीनं म्हणालो, पोरी, गेली का नाहीस? ती म्हणाली, "आधारमामा, पाच वेळा विचारू नका, एकदाच सांगते. हे कुलूप." आणि मग म्हणाली, आजचा एक झाला, आता आणखी एक खाडा झाला की परीक्षा गेली, आणि येत्या गुरुवारी परत पाणी आहे. आवाज चढवला नाही, रडली नाही. त्या फटीतून मला तोंड काढून घेता येईना आणि दाखवताही येईना.

चार वाजता मांडव झाला आणि मोतीलालनं आम्हाला काढलं. रात्रीपर्यंत थांबायला नको म्हणून संध्याकाळीच मंडळाची बैठक घेतली. मी सगळं सांगितलं. आबांनी बराच विचार केला आणि ठराव मांडला, की मंडळातर्फे पुनाला नवी शिडी भेट द्यावी, शिडीवर देणाऱ्यांची नावं रंगवावीत, आणि त्याच समारंभात कोकिळाचा पुन्हा सत्कार करावा. टाळ्या झाल्या. मी भीत भीत विचारलं, दाजींकडे किल्लीच का मागू नये?

सगळे गप्प. दाजी, शिबिरातल्या बाईंची शपथ, अशी शांतता मी मंडळात कधी ऐकली नव्हती. मग आबा हळूच म्हणाले, आधार, जावयाला द्यायचं असतं रे, मागायचं नसतं. अकरा वर्षं, दाजी! तुम्ही गावात आलात की अख्खं गाव पुरणपोळीला बोलावतं, आणि घास तोंडात असताना कोणी ते बोलत नाही. त्यात मी पहिला. दर भाऊबीजेला तुमच्याकडे येतो तो ठरवून येतो, आणि अक्कानं वाढलेलं खाऊन, दुपारी पंख्याखाली झोपून परत येतो.

असो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्याकडे काही मागावं म्हणून हे पत्र नाही, सहज हकिगत कळवली. जागा तुमची, भिंत तुमची. अक्काला नमस्कार, तुम्हाला परत एकदा नमस्कार, कंबर सोसेल तेवढा.

तुमचा आज्ञाधारक,
आधार

ता. क. किल्ली बुधवारपर्यंत कंडक्टरबरोबर पाठवता आली तर बरं होईल. गुरुवारी पाणी आहे. बसल्या बसल्या सुचलं, म्हणून लिहिलं.

दुसरा ता. क. आज बुधवार. पत्र अजून माझ्या उशाखालीच आहे. सोमवारी पेटीत टाकायला निघालो होतो. पेटीपर्यंत गेलो, तुमचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि घरी येऊन झोपलो. मंगळवारीही तसंच. माझ्याइतका नालायक माणूस या मंडळातही दुसरा नसेल. मोतीलालची शिडी उद्या दुपारपर्यंत लग्नात आहे.

तिसरा ता. क. गुरुवार, सकाळ. किल्ली पाठवू नका. कुलूप मी तोडलं. साडेपाचला हातोडा घेऊन गेलो. पहिल्या तीन घावांना तुमची माफी मागितली, पुढचे मोजले नाहीत. आवाजानं सगळी गल्ली जमली, आबा अंगावर चादर घेऊन आले. (मंडळाचीच होती.) कोणी अडवलं नाही. भागाबाईनं चहा आणला. सहाला पुना फाटकातून चालत आत गेला, आणि त्यानं इतक्या वर्षांत पहिल्यांदा चपला घालून व्हॉल्व्ह फिरवला. कोकिळाचे हंडे साडेसहाला भरले. सातच्या गाडीच्या खिडकीतून तिनं हात केला, गणवेश कोरडा होता. मी तिथंच उभा राहून रडलो, लपवत नाही. आता एकच विनंती आहे, तीही पाया पडून: गावाला याल तेव्हा नवं कुलूप आणू नका. मला जे काय बोलायचं ते खुशाल फोनवर बोला, जीभ चिकटली तरी ऐकून घेईन. फक्त सकाळी सहा ते सात करू नका. पुनानं अकरा वर्षं भिंत चढून काढली, पाण्याच्या दिवशी व्हॉल्व्ह फिरवायला आता मी जाणार आहे.