कोल्हापूरला पाठवलेली कॅमशाफ्ट

दुर्गाघाट, वाराणसी
८ डिसेंबर २०२४

दादा,

नमस्कार. वर तीर्थस्वरूप वगैरे लिहायचं होतं. पण सहा वर्षांत तुला एक पत्र लिहिलं नाही, दिवाळीला फोनवर नुसता पणत्यांचा फोटो पाठवतो, तेव्हा एकदम तीर्थस्वरूप लिहायला हात धजला नाही. इथे सगळं ठीकठाक. थंडी पडली आहे. आईचे गुडघे दुखतात, तरी घाटाच्या पायऱ्या उतरायची ती थांबत नाही. बाबांची तब्येत उत्तम. तुझं आणि निनादचं वर्कशॉप चांगलं चाललंय असं ऐकतो.

या डब्यात बाबांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेली वस्तू म्हणजे तुझ्याच मोटरसायकलची कॅमशाफ्ट. तुम्ही अशा घासून देता ना, तशी घासून हवी आहे. गाडीला जोर यावा, पण नवी घेण्याचा खर्च नको. लल्लन मिस्त्री म्हणतो, रेसची करू नका. पळताना जोर येईल, पण गल्लीत हळू चालवताना बंद पडेल. तेव्हा बेतानंच घास. काम एवढंच आहे आणि पत्र इथेच संपायला हवं.

पण मला काही कळेनासं झालंय.

कार्तिकात बाबांना रामनगरला एका यजमानांकडे जायचं होतं. मी मागे बसवून नेलं. राजघाटच्या पुलाच्या चढावर गाडी रखडली. इंजिन ओरडत होतं, पण चाक काही पुढे जोर घेईना. मागून ऑटोवाले हॉर्न वाजवून परेशान करत होते. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "हिच्यात जोर नाही रे."

"जुनी झाली, बाबा."

"जोर आणता येतो का?"

तू गेल्यापासून ते या गाडीवर बसतात, पण तिच्याबद्दल कधी चकार शब्द काढत नाहीत. मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले असतील. तर दुसऱ्या दिवशी संध्या आटोपून, शाल पांघरून, माझ्याबरोबर मैदागिनला लल्लनच्या गॅरेजमध्ये आले. बाकावर पेपर पसरून बसले आणि इंजिनाला जोर कशानं येतो ते विचारू लागले. लल्लननं एक जुनी कॅमशाफ्ट पुसून त्यांच्या हातात दिली.

"ये जो उभार है न पंडितजी, यही वाल्व खोलता है. उभार ऊँचा होगा तो वाल्व ज़्यादा खुलेगा, इंजन ज़्यादा साँस लेगा."

बाबांनी त्या उंचवट्यावरून अंगठा फिरवला. "म्हणजे श्वासाचंच आहे," मला म्हणाले. मग लल्लनला विचारलं, नवी न घेता होईल का? तो म्हणाला, होईल, जुनीच खालून घासली की उंचवटा आपोआप वर येतो, पण इथे कुणी धड करत नाही, बाहेर पाठवावी लागेल.

"कोल्हापूरला पाठवू," बाबा म्हणाले.

आपल्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नाही, तुला ठाऊक नसेल. आईसुद्धा 'तिकडे' म्हणते. 'तिकडे पाऊस फार झाला म्हणे.' आणि बाबा गॅरेजमध्ये, चारचौघांत, सरळ नाव घेऊन मोकळे झाले. ते लल्लनला म्हणाले, "खोल दीजिए."

संध्याकाळी कॅमशाफ्ट आणायला गेलो तेव्हा लल्लननं मला बाजूला घेतलं. "भैया, बुरा मत मानना. गाड़ी की क्लच प्लेट घिस गई है. चढ़ाई पर उसी से रुकती है. कैम में कोई खराबी नहीं."

"मग खोललं कशाला?" मी गडबडून मराठीतच बोललो. त्याला कळलं.

"पंडितजी को आपके सामने ही बताने वाला था, इशारे से रोक दिए. आप पानी लेने गए, तब बता दिया. बोले, फिर भी खोलो."

दादा, मी रस्ताभर ती जड वस्तू हातात धरून चालत होतो आणि डोक्यात नुसता गोंधळ. बाबांना एखादी गोष्ट हवी असली की ते सांगतात. वेद म्हणताना स्वर चुकला की सांगतात, आमटीत मीठ कमी असलं की सांगतात. आडून काही करणं त्यांच्या स्वभावातच नाही. घरी आलो तर ते सुपारी कातरत बसले होते.

मी म्हटलं, "बाबा, क्लच बदलली असती तर भागलं असतं."

"भागलं असतं."

"मग?"

"गाडी त्याची आहे. तिचं काय करायचं ते त्याला विचारायला नको?"

सहा वर्षं मी ती कुणाला न विचारता चालवतोय. पेट्रोल मी भरतो, टायर मी बदलले. तरी मी म्हटलं, "फोन करून विचारतो."

"फोन नको. पार्सलबरोबर पत्र घाल. आणि घासेल त्यानंच येऊन बसवावी असं लिही. लल्लनच्यानं टायमिंग जुळायचं नाही."

लल्लन डोळे मिटून टायमिंग जुळवतो, हे बाबांना माहीत आहे.

आत आईला विचारलं, बाबांना झालंय काय? ती म्हणाली, "काय व्हायचंय? वरच्या गाद्यांना ऊन दाखवायला हवं, तेवढं कर." तीही यात आहे की नाही, सांगता येत नाही.

मतलब, बाबांना तू यायला हवा आहेस. हे मला कळलं. गोंधळ त्याचा नाही.

गोंधळ असा की बाबांनी कोल्हापूर म्हटलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. तू वेदपाठ सोडून गेलास त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडलो होतो. दर दिवाळीला वाटायचं, या वेळी येशील. आता मात्र भीती वाटली. डबा बांधून झाला तरी मी पाठवला नाही. माझ्या खाटेखाली पडून राहिला. बाबा रोज विचारायचे, "गेलं का?" मी कधी कुरियरवाल्याची सुट्टी सांगितली, कधी पत्ता नीट सापडत नाही म्हटलं. बाबांशी खोटं बोलायची मला सवय नाही. त्यांनी ते ओळखलं असणार, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे.

तुला माहीत नाही, तेव्हा मला फिजिक्सला ॲडमिशन मिळाली होती. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी तुझं पाठाला बसायचं आसन उचललं नाही. ते तसंच पसरलेलं होतं. मला कुणीही बस म्हटलं नाही. ॲडमिशन सोडून मीच जाऊन बसलो. आता वेदाचा घनपाठ पूर्ण होत आला. माघात ब्रह्माघाटच्या सभेत म्हणायचं आहे. बाबा मान डोलावतात तेव्हा फार बरं वाटतं, अगदी खरं सांगतो. हे मला आवडतं की तुझ्या जागी बसायची सवय झाली आहे, ते काही कळत नाही. तू आलास आणि बाबांनी तुला नुसतं 'म्हण बघू' म्हटलं, आणि तू म्हणालास, तर मी कुठे बसू? तुझा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे. त्यांनी हे कधी बोलून दाखवलेलं नाही. मलाच ऐकू येतं.

किंवा असंही असेल, की तू यावास म्हणजे मला उठता येईल. हेही मनात येऊन गेलं. दोन्ही खरं कसं असेल?

आज सकाळी आईनं खाट झाडली आणि डबा बाहेर काढून माझ्यासमोर ठेवला. रागावली नाही. म्हणाली, "आज जाऊन दे. तुला जमणार नसेल तर मी जाते." तिच्या गुडघ्यांनी ती मैदागिनच्या कुरियरवाल्यापर्यंत चालत गेली असती. म्हणून लिहायला बसलो. आता जाऊन देतो.

बाबांनी 'ये' असं लिहायला सांगितलेलं नाही. ते मी लिहितो. ये. पूर्ण मनापासून लिहितोय का, विचारू नकोस. पण ये.

आणि आलास की बाबांच्या पाया पडण्याआधी मला गाठ. लल्लनच्या गॅरेजवर थांब, मी तिथे येतो. मला एवढंच विचार की सुश्रुत, तुला काय करायचं होतं. आजवर हे मला कुणी विचारलेलं नाही, आणि घरात विचारणारं दुसरं कुणी नाही.

तुझ्या आसनावर बसलेला,
तुझा धाकटा,
सुश्रुत