हरणाच्या तोंडातली डहाळी

न्युरेम्बर्ग, शनिवार

तीर्थरूप बाबा, नमस्कार.

गुडघा कसा आहे? मी मजेत आहे. बंदूक मी चालवत नाही, काळजी नसावी.

आमचे साहेब, फोगल, शिकारीची काडतुसं घरीच भरतात. दारूचं प्रमाण बदललं तशी गोळी खाली लागायला लागली, म्हणून रायफलीवरची दुर्बीण मी जुळवून दिली. मला ते नुसतं मोजमाप वाटलं.

आज त्यांच्याबरोबर रानात गेले. हरीण त्यांच्या एका गोळीत पडलं. साहेबांनी टोपी काढून त्याच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवली. आपण आईच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं, अगदी तसंच. मग दुसरी डहाळी, इथे मारणाऱ्याला मान म्हणून देतात ती, रक्तात टेकवून मला दिली. "नेम तुझा," म्हणाले.

ती टाकवत नाही, देवाजवळ ठेववत नाही. अजून हातातच आहे, बाबा.

तुमची,
शमिका