अजून अ

३ मार्च
पॅरालीगलच्या, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाच्या, परीक्षेला महिना आहे. पुस्तकाच्या शेवटी कायद्याच्या शब्दांचा कोश आहे. रोज एक अक्षर. आज अ. अटक, अपील, अभियोग. सोपं आहे.

७ मार्च
अजून अ. पाया पक्का हवा. बायको म्हणाली, या चालीनं ज्ञ यायला नातवंडं व्हावी लागतील. तिला पद्धत कळत नाही.

९ मार्च, सकाळ
खालच्या दुकानातला शिंपी जिन्यात भेटला. मला वकीलसाहेब म्हणाला. परीक्षा अजून व्हायची आहे, हे सांगायचं राहिलं. दुकान रिकामं करून मिळावं म्हणून जागामालकानं दावा लावलाय. समन्स आलंय. बावीसला कोर्टात हजर राहायचं. त्याच दिवशी लग्नाचे कपडे द्यायचेत. गेलंच पाहिजे का, विचारत होता.
समन्स स मध्ये येतं. मी अपीलवर बोललो. निकाल विरुद्ध गेला तरी वर अपील असतं, म्हटलं, तुम्ही कपडे पुरे करा. छान बोललो.

१० मार्च
स उघडून पाहावंसं वाटलं. पण मध्येच उडी मारली की शिस्त बिघडते. आ सुरू केला.

२२ मार्च
सकाळपासून खालून मशीनचा आवाज. अभ्यास होईना. कोर्टात जा, सांगायला दोनदा जिन्यापर्यंत गेलो. पण सल्ला बदलला की माणूस गोंधळतो.

२८ मार्च
शिंप्याविरुद्ध एकतर्फी निकाल. महिन्याभरात दुकान सोडायचंय. एकतर्फी ए मध्ये आहे. मी ई वर होतो. फार मागे नव्हतो.
जेवण गेलं नाही.

३१ मार्च
शिंपी खऱ्या वकिलाकडे जाऊन आला. निकाल रद्द करून घ्यायचा तर गैरहजेरीचं सबळ कारण लागतं. कुणी सांगितलं होतं का जाऊ नका म्हणून, वकिलानं विचारलं. शिंपी म्हणाला, तारीख विसरलो. हे टिकायचं नाही, वकील म्हणाला.
माझं नाव का घेतलं नाही, मी विचारलं.
"परवा परीक्षा ना तुमची? उगाच डोक्याला ताप."
वकिलाला मी स्वतः जाऊन सगळं सांगणार. परीक्षा झाली की लगेच.

२ एप्रिल
पेपर सोपा. पाचवा प्रश्न: समन्स मिळूनही प्रतिवादी गैरहजर राहिल्यास काय होते? उदाहरण द्या. दोन पानं लिहिली. उदाहरणात शिंपी घातला. सल्ला देणारा घातला नाही. तसं विचारलं नव्हतं.
घरी आलो तर खाली मशीन टेम्पोत चढवत होते. मुदतीआधीच. दुसऱ्या बाजूनं हात लावला.
पेपर कसा गेला, त्यानं विचारलं.
चांगला, म्हटलं.