मनूच्या बांगड्या

दहिवली. अधिक ज्येष्ठ शु. ४, शके १८६४

आज घरावर घोर संकट. अनारसे हसले. तुपात पडले न पडले तोच विरघळून नुसती जाळी. भिजवलेले तांदूळ गेले, लढाईच्या दिवसांत जपलेलं तूप गेलं. मेलं पीठसुद्धा जावयासाठी उभं राहीना!

तरी त्याला अधिकाचं वाण द्यायचंच. स्वारीचा हुकूम. नवऱ्याच्या शब्दापुढं पिठानंही नमायला हवं.

शु. ६

या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. विष्णूनं तापलेलं उलथणं बायकोच्या हातावर केव्हा टेकवलं, ते वडिलांनी शिकवलेल्या संस्कृतात कुठं आढळलं नाही. चैत्रात मनू तो डाग घेऊन माहेरी आली. स्वारीनं लगेच परत सासरी, खालापूरला पोचवली. "संसारात एवढं चालायचंच." मला विचारलं नाही. मी गप्प बसले. आता नाही.

शु. ९

साळू कासारणीला सांगून आले. वाणाच्या दिवशी ये, मनूला बांगड्या भर, आळीतल्या बायकांसमोर. साळूची टोपली खालापूरपर्यंत जाते, तोंड त्याच्याही पुढं. जावयाच्या धाकट्या भावासाठी मुली बघताहेत म्हणे. बघा म्हणावं.

अनारसे आज छान जमले.

शु. १२

झालं.

पुरुष ओटीवर जेवत होते. माजघरात मनूनं हात पुढं केला, पण दुसऱ्या हातानं पोलक्याची बाही घट्ट धरून. साळूनंच ती वर सारली.

"अगं बाय! ह्ये कशानं पोळलं गं?"

"चुलीशी लागलं, साळूबाई."

"चुलीला उलथण्याचा आकार कवा आला गं पोरी? आमीपन सासुरवास काढलाय."

ओटीवर जावयाचा घास हातातच राहिला. स्वारीची मान पानात. जन्मात इतकं गोड मी काही खाल्लं नव्हतं.

मग मनूनं माझ्याकडं पाहिलं. कासारीण कुणी बोलावली, ते तिला कळलं होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

वाटलं होतं, एवढ्यांनी पाहिल्यावर स्वारी तिला परत पाठवूच शकणार नाही. दिवेलागणीच्या आत दोघांची रवानगी! "बोभाटा नको." वरून अनारसे बांधून दिले. माझ्याच हातचे.

निघताना मनू एवढंच म्हणाली, "आई, तुझं झालं. आता घरी गेल्यावर माझं व्हायचंय."

शु. १४

साळू आता खालापुरात पोचेल. दारोदार सांगेल. मला हवं होतं तसंच. आणि मनू त्याच घरात.

उद्या सकाळच्या खोपोलीच्या गाडीनं मी एकटी खालापूरला जाते. स्वारीला विचारलेलं नाही. भात झाकून ठेवीन, वाढून घेणं शिकावं. जावयासाठी चार शब्द तयार आहेत, त्यांतले दोन संस्कृत.

त्याची भीती नाही. स्वारीची तर नाहीच. भीती एकच. दार मनूनंच उघडलं, आणि मला पाहून पुन्हा लावून घेतलं तर?