दादाचं झाड

दाइगोदादा,

मी हत्यार खोडाला टेकवलं, तेवढ्यात बाबा मागून ओरडले, "त्याला नको! ते कच्चं आहे."

तुझ्या जन्माच्या वर्षी लावलेलं झाड, म्हणे कच्चं! भांड्यांच्या रोगणासाठी उरुशीच्या झाडाचा चीक कसा काढतात ते पाहायला दोन बायका आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "आजोबा, हेच तर सगळ्यांत जाड आहे."

"मुलगाही जाडच होता," बाबा म्हणाले. "हात लावू नका, आठवडाभर खाजवत बसाल."

दोघी हसत मागे सरकल्या.

त्या गेल्यावर मी विचारलं, "दादासाठी ठेवलंय ना?" आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला पहिली खाच पाडली की पानगळीपर्यंत सगळा चीक काढायचा आणि झाड तोडायचं.

तुला पत्रात लिहायचं होतं ते मी त्यांनाच सांगितलं, "दादा घर सोडून गेल्यापासून हा डोंगर मी राखते. मी अजून हाताखालचीच का?"

"तोडलं की संपलं, साए."

"संपतं कुठे? बुंध्यातून कोंब येतात. तुम्हीच शिकवलंत."

तुला परत बोलवायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. आता पाठवणार नाही. पाठवलं तर तुझी परवानगी मागितल्यासारखं होईल. तू कधी आलास तर कोंब दाखवीन.

तुझी बहीण,
साएको

ता. क. सकाळी बाबांनी, खाच पाडायच्या आधी करतात तसं, तुझ्या झाडाभोवतीचं गवत कापलं. पहिली खाच मी पाडली.